स्वस्त विमान, पिवळी फाईल आणि दोन आज्यांची कोची

एप्रिलमध्ये कोचीला जाऊ नये असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. साडी अंगाला चिकटते, चष्म्यावर वाफ धरते आणि दुपारी बारा ते चार माणूस नुसता पंख्याकडे बघत बसतो. तरी मी एप्रिलमध्येच गेले, कारण मी जिंकले होते. जिंकलेल्या माणसाला उकाडा जाणवत नाही, निदान निघताना तरी.

काय जिंकले ते आधी सांगते, म्हणजे पुढचा प्रवास कळेल. माझी मुलगी मृणाल तीन वर्षांपासून कोचीजवळ अलुव्याला राहते. जावयाची नोकरी तिथल्या बंदरात आहे. त्यांची मुलगी रेवा साडेचार वर्षांची, माझी एकुलती एक नात. ती फक्त माझीच नात असती, तर हा लेख मासेमारीच्या जाळ्यांवर आणि अप्पमवरच झाला असता. पण नातीला दोन आज्या असतात. दुसरी आजी म्हणजे माझ्या विहीणबाई, शैलाताई. त्या सदाशिव पेठेत राहतात आणि मी शनिवारात. मधे पायी दहा मिनिटं.

शैलाताई पोस्टात काउंटरवर होत्या. यजमान होते तोवर त्या एकट्या कधी स्वारगेटच्या पुढे गेल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, आणि वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच बाई मोबाईलवर स्वस्त तिकिटं शोधायला शिकल्या. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी कोची. एक सॅक, त्यात थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि दोन साड्या, की निघाल्या. आणि मी? तीस वर्षं हॉस्पिटलात काढली, शेवटची काही मेट्रन म्हणून. अपघाताची केस आली तरी माझा हात कधी थरथरला नाही. पण मी विमानात कधी बसले नव्हते. कुणी विचारलं तर मी गुडघे सांगायचे, ब्लडप्रेशर सांगायचे, ह्यांचं पथ्य सांगायचे, आणि ट्रेन फार लांबची म्हणायचे. खरं कारण भीती होतं, आणि ते मी घरातसुद्धा कबूल केलं नव्हतं.

त्यामुळे रेवा त्यांना विमानआजी म्हणते आणि मला फोनआजी. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबायला घेतली. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "आज कणकेनं काय केलंय?"

तर यंदा सुट्टीत शैलाताई कोचीला जाणार, चार दिवस राहणार आणि येताना रेवाला घेऊन विमानाने पुण्याला येणार, असं ठरलं. मला ते ठरल्यावर कळलं. त्या दोघी शेजारी शेजारी बसून ढग बघत येणार आणि मी लोहगाव विमानतळाबाहेर उभी राहून हात हलवणार, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मला हेवा वाटला. साधा नाही, पोटात आग पडावी असा.

मग मी फाईल केली. पिवळी, दोरीची, आम्ही हॉस्पिटलात वापरायचो तशी. विमान कंपन्यांची माहिती सगळ्यांना बघता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर घटनांच्या नोंदी असतात, चौकशीचे अहवाल असतात. संसदेत कुणी प्रश्न विचारला की उत्तरात कोणत्या कंपनीच्या विमानांत किती बिघाड झाले त्याची यादी येते. मी पाच दिवस दुपारची झोप सोडून ते सगळं उतरवून काढलं. प्रत्येक कंपनीला एक पान, प्रत्येक घटनेला एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. शैलाताईंच्या स्वस्त कंपनीच्या पानावर रेघाच रेघा झाल्या, पान पुरेना, मागची बाजू घ्यावी लागली. एका छोट्या कंपनीच्या पानावर दोनच रेघा होत्या. तिथे मी हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली.

ह्यांनी एकदा येऊन फाईल चाळली. "ही चौकशी विमान कंपनीची चाललीय की विहिणीची?" एवढंच विचारलं आणि चहा घेऊन गॅलरीत गेले.

मी पानांचे फोटो मृणालला पाठवले. आणि शैलाताईंनाही पाठवले, आपलं सहज, माहिती असावी म्हणून. मृणाल त्या रेघा बघून हादरली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला की आई, रेवाला त्या विमानाने नाही पाठवणार, तूच ये आणि ट्रेनने घेऊन जा, सुट्टीभर तुझ्याकडेच राहू दे. शैलाताईंचा दोन ओळींचा मेसेज आला. "फाईल पाहिली. माझं तिकीट रद्द केलं आहे." पुढे काही नाही. मी तो मेसेज तीन वेळा वाचला, इतका गोड लागला.

आता प्रवास. पुण्याहून कोकणमार्गे केरळात जाणारी थेट गाडी रोज नसते, तेव्हा दिवस बघून घ्या आणि आरक्षण दोन महिने आधी, सुरू होईल त्या दिवशीच करा. मला सुट्टीच्या गर्दीत तिकीट मिळालं ते वेटिंगमधून, शेवटच्या क्षणी. वातानुकूलित थ्री टियर पुरेसं आहे, पण पातळ शाल घ्या, गारठा बोचतो. संध्याकाळी पुणे स्टेशनवरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अलुव्याला पोचले. जेवण मी घरचंच नेलं होतं: गुळपोळ्या, दहीबुत्ती, लसणीची चटणी. गाडीतली बिर्याणी ज्यांनी घेतली ते सगळे नंतर माझ्या डब्याकडे बघत होते.

सकाळी मडगाव मागे पडलं आणि कारवारच्या पुढे एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी सुरू झाली. हा टप्पा झोपून घालवू नका. नारळाच्या बागा, मधेच लाल मातीचं अंगण, मधेच बोगदा. माझ्या समोरच्या बर्थवर जेसी नावाची मुलगी होती, त्रिशूरची, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात नर्स. आठ वर्षं पुण्यात राहून मराठी छान बोलत होती. मी मेट्रन होते म्हटल्यावर ती सावरूनच बसली.

"मॅडम, तुमच्याकडे इन्सिडेंट रजिस्टर होतं?" तिने विचारलं. पेशंट पडला, औषध चुकलं, सलाईन उशिरा लागलं, असं काही घडलं की त्याची नोंद करायची वही, ती ही. "आमच्या इन्चार्ज लिहिलं की ओरडतात. मग कोणी लिहीतच नाही. रजिस्टर एकदम क्लीन."

मला तर विषयच हवा होता. मी तिला माझी पेढ्यांची गोष्ट सांगितली. मेट्रन झाले तेव्हा मी नवी पद्धत पाडली होती. महिनाअखेरीला ज्या वॉर्डच्या रजिस्टरमध्ये एकही नोंद नाही, त्या वॉर्डला माझ्याकडून पेढ्यांचा पुडा. हाडांच्या वॉर्डने ओळीने सहा पुडे नेले. सातव्या महिन्यात तिथे एक आजोबा कॉटवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि प्रकरण वर गेलं. चौकशीत कळलं की आधी तिघंजण पडले होते, कुणी लिहिलंच नव्हतं. माझ्या पेढ्यांसाठी. त्या दिवसापासून मी पेढे उलटे वाटायला लागले. जो वॉर्ड बारीकसारीक चूक लिहील त्याला पुडा. नोंदी भराभर वाढल्या आणि पडणं कमी झालं.

"ज्या वॉर्डचं रजिस्टर कोरं, तिथे माझा आधी राऊंड," मी जेसीला अगदी शिकवण्याच्या सुरात म्हटलं. "कोरं पान म्हणजे सुरक्षित वॉर्ड नाही गं. कोरं पान म्हणजे कोरं पान."

ती मान डोलावत होती, आणि मला वाटलं, हिला आपली फाईलही दाखवावी. मिरवायची हौस, दुसरं काय. तिने पानं उलटली, रेघा बघितल्या, हिरवी खूण बघितली. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, ही मोठी कंपनी दिवसाला किती फ्लाईट करते? आणि ही छोटी?"

मी ते लिहिलंच नव्हतं.

आयसीयूच्या नोंदी डोळ्यांच्या वॉर्डच्या नोंदींशेजारी ठेवून कुणी माझ्याकडे आलं असतं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पेशंट किती, आजार केवढे, हे विचारल्याशिवाय मी आयुष्यात कधी दोन वॉर्डांची तुलना केली नाही. आणि इथे पाच दुपारी बसून मी तेच केलं होतं. शिवाय दोन रेघांच्या कंपनीला हिरवी खूण देऊन पेढ्यांचा पुडाही दिला होता.

जेसीला काही कळलं नाही. ती पळमपोरी घ्यायला उठली, म्हणजे केळ्याची भजी, तिकडच्या स्टेशनांवर गरम मिळते, जरूर खा. मी मात्र फोन काढला. कंपनीवार दर महिन्याला किती उड्डाणं झाली तेही त्याच संकेतस्थळावर असतं, फक्त मी ते पान उघडलं नव्हतं. प्रत्येक बोगद्यात रेंज जायची, आकडे अर्धवट उघडायचे. भटकळपासून मंगळूरपर्यंत मी फाईलच्या मागच्या पानावर भागाकार करत होते. रेघा भागिले उड्डाणं. शैलाताईंची कंपनी यादीच्या मधोमध येऊन बसली, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. हिरव्या खुणेची कंपनी तिच्याही वर, म्हणजे जास्त बिघाडांच्या बाजूला सरकली. पण तिची उड्डाणंच इतकी थोडी की एक रेघ कमी असती तर ती तळाला गेली असती, तेव्हा तिच्याबद्दल कसलंही मत बनवणं चूकच. मग मी रेघांमागच्या नोंदी पुन्हा वाचल्या. बहुतेक ठिकाणी पक्षी धडकला, इशाऱ्याचा दिवा लागला, वैमानिकाने विमान परत फिरवलं, सगळे सुखरूप उतरले. म्हणजे माझ्या भाषेत, बारीकसारीक लिहिणारा वॉर्ड. यावरून ती कंपनी उत्तम आहे असं सिद्ध होत नाही, हेही लिहून ठेवते. पण तिच्यापासून पोरीला वाचवावं असंही त्यात काही नव्हतं.

आणि मी काय केलं? फाईलची दोरी बांधली आणि गप्प बसले. कारण हे सांगितलं असतं तर रेवा विमानआजीबरोबर आली असती. मंगळूर ते अलुवा मला दुपारची झोप आली नाही आणि लाजही पुरेशी वाटली नाही.

अलुवा हे पेरियार नदीकाठचं गाव, कोचीच्या गजबजाटापासून थोडं लांब आणि विमानतळाला जवळ. मृणालचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. दार उघडलं आणि मला घरभर शैलाताईच दिसल्या. रेवाच्या उंचीवर ठोकलेली खुंटी त्यांनी बसवून घेतलेली. फ्रीजवर त्यांच्या अक्षरात मेतकूट-भाताचं प्रमाण, तेही पोस्टातल्यासारखं, ओळीत. कपाटाच्या खालच्या खणात त्यांची एक साडी घडी करून ठेवलेली, पुढच्या खेपेसाठी. मी तिथे पाहुणी होते. मला बाथरूमचा दिवा कुठे लागतो हे विचारावं लागलं.

रेवा मला बघून लाजली, मग आईच्या मागे जाऊन म्हणाली, "फोनआजी केवढी मोठी आहे." फोनवर मी तळहाताएवढी दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरावरून एक विमान खाली उतरत गेलं. रेवा हातातला खेळ टाकून गॅलरीत धावली. तिथे उभी राहून ती पुटपुटत होती. मी जवळ जाऊन ऐकलं. "आता बॅग आली. आता रिक्षा. आता पूल. आता लिफ्ट." मग ती आत येऊन दाराकडे बघत उभी राहिली. बेल वाजली नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा खेळायला बसली. दुपारच्या विमानाला पुन्हा तेच. पहिल्या वेळी माझा जळफळाट झाला. दुसऱ्या वेळीही झाला, खोटं कशाला सांगू. संध्याकाळच्या विमानाला मात्र ती दाराशी उभी असताना तिची पाठ मला दिसली, आणि पाठ बघवेना.

चौथ्या दिवशी आम्ही फोर्ट कोचीला गेलो. अलुव्याहून मेट्रोने एर्नाकुलम आणि तिथल्या जेट्टीवरून सरकारी बोट, हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त रस्ता. बोटीचं तिकीट चहापेक्षा स्वस्त आहे. मोठमोठी चिनी जाळी सकाळी लवकर बघा, नंतर ऊन डोळ्यांत जातं. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, अप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू सगळीकडे मिळतो, नारळाच्या दुधातला, आपल्याला सोसतो. ज्यूटाऊनच्या दुकानांत वेलदोडे घेतले तर भाव करा. मी केला, दुकानदार म्हणाला, "पुणे?" आणि हसला.

परतीच्या बोटीत रेवा माझ्या मांडीवर पेंगत होती. मृणाल कठड्याशी बसली होती. तिने सहज सांगितलं, "आई, जूनमध्येही येत नाहीत त्या. मी विचारलं. म्हणाल्या, ट्रेनचा एवढा प्रवास कंबरेला झेपत नाही आणि विमानाने तुला काळजी. आता फोनवरच भेटू म्हणाल्या."

जिंकणं म्हणजे काय हे मला तेव्हा नीट समजलं. मी पोरीला आणायला गेले होते, पण करून बसले होते ते वेगळंच. मी त्यांना फोनआजी केलं होतं. आणि फोनआजी असणं काय असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी पर्समधून फाईल काढली आणि मागचं पान मृणालपुढे धरलं. सगळं सांगितलं. रेघा, भागाकार, आणि ट्रेनमध्येच कळूनही तीन दिवस गप्प राहिले तेही.

"का पण?" ती म्हणाली.

"मला त्यांचा हेवा वाटतो म्हणून."

मृणालने ते पान परत माझ्या हातात दिलं. "ती फाईल बघून मी किती दिवस धड जेवले नाही, माहितीये तुला? फिरायला जाताना रेवा त्यांच्याबरोबर त्याच कंपनीच्या विमानातून कितीदा गेलीय-आलीय. प्रत्येक वेळी मी तिला कशात बसवलं होतं, हेच डोक्यात."

"माहितीये."

"नाही, आई. तुला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. मी विहिणीला बोचकारायला गेले होते, मधे माझीच मुलगी उभी होती. एर्नाकुलमची जेट्टी आली. उतरताना मृणालने रेवाला माझ्या कडेवरून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना फोन तू करायचास. मी नाही."

मी जेट्टीवरच्या बाकावर बसून फोन लावला.

"अहो शैलाताई, ती फाईल चुकली आहे," मी म्हटलं. "कंपनी मोठी, उड्डाणं जास्त, म्हणून नोंदी जास्त. मी भागलंच नव्हतं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं. शहरात सगळ्यात जास्त टपाल हरवल्याच्या तक्रारी आमच्या पोस्टात यायच्या. कारण सगळ्यात जास्त टपालच आमच्याकडे यायचं. दर वर्षी साहेब बदलले की नव्या साहेबांना हे समजावून सांगावं लागायचं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आपण विचारलंत कुठे? आपण फोटो पाठवलेत."

त्यांनीच पुढे सांगितलं, थोडा आवाज उतरवून. "मृणालच्या मनात एकदा भीती बसली ना. मग मी कितीही बरोबर असले, तरी माझ्या हातात पोर देऊन ती दोन तास जीव मुठीत धरून बसणार. ते मला नको होतं. तुमचा आकडा मला खोडता आला असता. तिची भीती तुम्हालाच खोडायला हवी होती. ती तुमची मुलगी आहे."

"आज खोडली," मी म्हटलं. "म्हणजे, सुरुवात केली. तुम्ही या. मला तुमचा हेवा वाटला म्हणून हे सगळं झालं."

"तेही ठाऊक आहे," शैलाताई म्हणाल्या. "शनिवार पेठेपासून सदाशिवात धूर येत होता."

दोन दिवसांनी त्या आल्या, त्याच कंपनीच्या विमानाने. रेवा गॅलरीत उभी राहून पुटपुटली, "आता बॅग. आता रिक्षा. आता पूल. आता लिफ्ट." आणि खरंच बेल वाजली. तिने मारलेली किंकाळी मी विसरणार नाही. माझ्या नावाने तशी किंकाळी अजून कुणी मारलेली नाही, हे मी त्याच क्षणी मनात नोंदवलं. शैलाताईंनी चप्पल काढली, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "फाईल आहे ना इथेच?" चष्मा लावून त्यांनी मागचं पान ओळीने तपासलं. "भागाकार बरोबर आहे," म्हणाल्या आणि दोरी बांधून परत दिली.

परतीचं तिकीट मी त्यांच्याच विमानाचं काढलं. स्वस्त विमानाबद्दल माहिती हवी असणाऱ्यांसाठी: आत नेण्याची बॅग वजनात बसवा, काटा खरंच लावतात. खायला विकत मिळतं, पण डबा नेता येतो. चेक-इन घरूनच करा. तीन शेजारच्या जागा मिळाल्या. खिडकीत मी, मधे रेवा, कडेला शैलाताई. खिडकीची जागा मला शैलाताईंनी दिली. मला ती नको होती, पण तसं म्हणता येईना.

विमान धावायला लागलं तेव्हा मी पुढच्या सीटचा कप्पा घट्ट धरला होता. रेवाने माझ्याकडे बघितलं. "फोनआजी, घाबरू नको. विमानआजी पण घाबरते. ती नंबर म्हणते."

मी पलीकडे पाहिलं. शैलाताईंनी डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलत होते. "चार अकरा शून्य शून्य एक, कॅम्प. शून्य शून्य चार, डेक्कन." पुण्याचे पिनकोड. काउंटरवर तीस वर्षांत पाठ झालेले. रेवाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि सवयीने धरला होता, म्हणजे हे दर वेळचं होतं. दर दोन महिन्यांनी, येताना आणि जाताना, तेही एकटीने, ही बाई अशी डोळे मिटून बसत होती. आणि मी घरी बसून समजत होते की तिला भीतीच वाटत नाही, म्हणून ती जाते.

"माझा पण धर ना हात," मी रेवाला म्हटलं.

तिने विचार केला. "माझे दोन्ही संपले," ती म्हणाली. "तू फोन धर."

फोन बंद करायला सांगितला होता. मी तो तसाच बंद धरला. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा शैलाताई "चार अकरा शून्य तीन शून्य" वर आल्या होत्या. तो आमच्या दोघींचा पिन, शनिवार आणि सदाशिव एकच.

वरून काय दिसतं ते मी इथे फार लिहीत नाही, तुम्ही बघालच. पुण्याजवळ आल्यावर खडकवासल्याचं पाणी दिसलं, एप्रिलमुळे काठ उघडे पडलेलं, आणि मला एवढं बरं वाटलं की माझ्या नकळत मी ते रेवाला बोटाने दाखवलं. ती झोपली होती. तिचं डोकं शैलाताईंच्या दंडावर होतं.

लोहगावहून टॅक्सी केली. उजेड अजून होता, येरवड्याला नेहमीसारखी कोंडी. त्या वाटेने आधी माझं घर लागतं, मग शैलाताईंचं. रेवा सुट्टीभर माझ्याकडे राहणार, हे फाईलमुळे ठरलेलं कुणी मोडलं नव्हतं. शैलाताईंनी तो विषयही काढला नव्हता. त्या फक्त दंड न हलवता बसल्या होत्या, तो अवघडला असणार. शनिवारवाड्यापाशी ड्रायव्हरने विचारलं, "आधी कुठं घ्यायची?"

मी म्हटलं, "आधी सदाशिव पेठ." शैलाताईंनी दंड न हलवता मान माझ्याकडे वळवली. त्यांच्या दाराशी आम्ही दोघींनी मिळून पोरीला न उठवता उतरवलं. मग मी एकटी घरी गेले. ह्यांनी दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं. "पार्सल कुठे?" मी म्हटलं, चुकीच्या पत्त्यावर दिलं. त्यांनी चहा टाकला.

या प्रवासातून काय उरलं? नाव बदललं नाही. विमानात बसून आले तरी मी फोनआजीच आहे. हेवाही गेलेला नाही. त्या रात्री तो माझ्या शेजारीच होता. विमान कंपनी निवडताना काय बघावं ते वर लिहिलंच आहे: नोंदी मोजा, उड्डाणांनी भागा, नोंदी वाचा, आणि कोऱ्या पानाला पेढे देऊ नका. आणि मोजायला बसण्याआधी आपण कुणावर चिडून बसलो आहोत, तेही एकदा बघा.

सकाळी सातला फोन वाजला. शैलाताईंचा नंबर होता.

"फोनआजी," पलीकडून रेवा म्हणाली, "मी उठले. तू कुठे आहेस?"

इतकी वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं, पुण्यात. "आता चप्पल घातली," मी म्हटलं. ह्यांना हातानेच खूण केली आणि जिन्यावर आले. "आता जिना. आता गल्ली. आता लक्ष्मी रस्ता."

"मग?" ती म्हणाली. "मग काय?"

फोन कानाला लावून मी चालत राहिले. शैलाताईंच्या जिन्याखाली पोचले तेव्हा वरच्या गॅलरीत ती उभी होती, एका हाताने फोन धरून. दुसरा तिने गजांतून बाहेर काढला होता, आणि तो रिकामा होता.